डॅशबोर्डवर ब्लू बॅज होता, तरी 100 पौंडांचं पत्र आलं

प्रश्न: ताई नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच. आम्ही इंग्लंडमधे रेडिंगला राहतो. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना पार्किन्सन्स आहे आणि कौन्सिलकडून ब्लू बॅज (अपंगांच्या पार्किंगचा पास) मिळालाय. शनिवारी 3 तारखेला त्यांना घेऊन एका रिटेल पार्कला गेले होते, स्वेटर बघायला. तिथे 2 तास पार्किंग फुकट आहे. डिसेबल्ड बेमधेच गाडी लावली, बॅज डॅशबोर्डवर नीट ठेवला. पण आईंची गोळीची वेळ टळली आणि दुकानाच्या दारातच त्या अडकल्या, पाऊलच उचलेना. मग बसवलं, गोळी दिली, टॉयलेटला नेलं, हे सगळं होऊन बाहेर पडेपर्यंत 2 तास 41 मिनिटं झाली. आता नवऱ्याच्या नावाने पत्र आलंय कारण गाडी त्याच्या नावावर आहे. पत्रावर 14 तारीख आहे, 100 पौंड भरा, 14 दिवसांत भरले तर 60. नवरा म्हणतो भरून टाक, कटकट नको, पुढच्या वर्षी आयएलआरचा (इथे कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज करायचाय. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे म्हणतायत कचऱ्यात टाक, प्रायव्हेटवाल्यांना कोण विचारतं. आणि आईंनी धसका घेतलाय, माझ्यामुळे तुम्हाला भुर्दंड, आता मी कुठे येतच नाही म्हणतात. अजून एक, जरा लाजतच विचारते, आई घरी असताना त्यांचा बॅज लावून पटकन दूध वगैरे आणलं तर चालतं का?
– गोंधळलेली सून, रेडिंग

उत्तर:

अगं सूनबाई, आधी ते पत्र परत हातात घे आणि अगदी वर काय लिहिलंय ते बघ. "पार्किंग चार्ज नोटीस" असेल. कौन्सिलचं असतं ते "पेनल्टी चार्ज नोटीस", दोन्हींना लोक पीसीएनच म्हणतात आणि कंपन्यांना हा घोळ सोयीचाच पडतो, म्हणून पत्र पण कसं, अगदी सरकारी वाटेल असं छापलेलं, काळीपिवळी पट्टी, कॅमेऱ्याचे फोटो, रेफरन्स नंबर. पण हा दंड नाहीये. ही एका खाजगी कंपनीने पाठवलेली मागणी आहे, तिचं म्हणणं एवढंच की पाटीवर 2 तास लिहिलं होतं, तुम्ही गाडी लावलीत म्हणजे ते मान्य केलंत, तुम्ही करार मोडलात, आता ठरलेले पैसे द्या. म्हणजे हा दिवाणी मामला झाला, पोलिसांचा संबंध नाही, गुन्हा म्हणून कुठे नोंद होत नाही. नवऱ्याला आयएलआरच्या नावाने जी धडकी भरलीये ती आधी उतरव, कारण घाबरलेल्या माणसाकडून 60 पौंड काढणं फार सोपं असतं आणि ते 60 चं आमिष त्यासाठीच आहे.

तुमचं नाव-पत्ता यांना मिळाला कसा असं वाटलं असेल, तर तो डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं देतं, एका नोंदीचे अडीच पौंड घेऊन, आणि ते कायदेशीर आहे.

आता व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. "कचऱ्यात टाक" हा सल्ला एके काळी बऱ्यापैकी चालायचा. 2012 च्या ऑक्टोबरपर्यंत इंग्लंड-वेल्समधे गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही तर ती गाडीमालकाच्या मागे लागू शकत नव्हती. मग प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट लागू झाला, खाजगी जागेत चाकाला क्लॅम्प लावणं बंद झालं ही चांगली गोष्ट झाली, पण त्याच्या बदल्यात ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडून पैसे मागायची वाट कंपन्यांना मोकळी झाली. आणि उरलंसुरलं काम केलं बीव्हिसच्या केसने. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कात बॅरी बीव्हिस नावाचा गृहस्थ 2 तास फुकटच्या जागेत 56 मिनिटं जास्त थांबला, पार्किंगआय कंपनीने 85 पौंड मागितले, हा गडी पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि नोव्हेंबर 2015 मधे 7 पैकी 6 जज त्याच्या विरोधात गेले. कोर्ट म्हणालं पाट्या भरपूर होत्या, ठळक होत्या, रक्कम अवाच्या सवा नाही, भरा. तेव्हापासून "कोर्टात टिकत नाही" हे वाक्य बाद झालंय, पण आपल्या ग्रुपांवर ते अजून फिरतंय, कोणीतरी दहा वर्षांपूर्वी वाचलेलं असतं ते गुड मॉर्निंगबरोबर पुढे ढकलतं.

तुझी केस वरवर बघितली तर बीव्हिससारखीच आहे, 2 तास फुकट, वर 41 मिनिटं. पण बीव्हिसच्या बाजूने जे नव्हतं ते तुमच्या बाजूने आहे, आणि ते ब्लू बॅज नाहीये बरं का! इथेच बहुतेक लोक चुकतात. अपील लिहितात "आमच्याकडे ब्लू बॅज होता, तो लावलेला होता, फोटो जोडलाय" आणि कंपनीचं उत्तर येतं की पाटीवर स्पष्ट लिहिलंय, 2 तासांची मर्यादा ब्लू बॅजवाल्यांनाही लागू आहे, अपील नामंजूर. आणि त्या मुद्द्यावर कंपनीचं बरोबर असतं. ब्लू बॅजची योजना मुळात रस्त्यावरच्या पार्किंगसाठी आहे. 1971 पासून आहे ती, आधी बॅज नारिंगी असायचा, 2000 साली निळा झाला. रस्त्यावर त्याने पे-अँड-डिस्प्लेला पैसे पडत नाहीत, इंग्लंड-वेल्समधे पिवळ्या रेषेवर, लोडिंगची बंदी नसेल तर, 3 तास थांबता येतं, फक्त ते पुठ्ठ्याचं घड्याळ लावायचं पोचल्याची वेळ दाखवून. (मध्य लंडनमधे हेही चालत नाही, वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन-चेल्सी, सिटी आणि कॅम्डेनचा काही भाग यांचे नियम वेगळे आहेत, जायच्या आधी बघून जा.) रिटेल पार्क, सुपरमार्केट ही खाजगी जागा, तिथे पाटीवर जे लिहिलंय ते. जादा वेळ दिला तर त्यांची मेहेरबानी, नाही दिला तर बॅज दाखवून भांडता येत नाही. शिवाय तिथे बघणारं कोणी नसतंच. आत येताना-जाताना कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि दोन वेळांची वजाबाकी करतो, डॅशबोर्डवर बॅज आहे का देवाचा फोटो आहे हे त्याला दिसत नाही. आपल्याकडे निदान शिट्टी वाजवणारा वॉचमन असतो, "दादा, आई आहे बरोबर, चालता येत नाही तिला" म्हटलं की तो कुरकुरत का होईना पण दोरी सोडतो. इथे ते वाक्य बोलायचं कोणाला हाच प्रश्न.

तर ते वाक्य बोलायची जागा म्हणजे इक्वॅलिटी ॲक्ट 2010. हा कायदा खाजगी जागेतही लागू होतो, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. लोकांना सेवा देणाऱ्या प्रत्येकाने, दुकान असो, पार्किंगवाला असो, अपंग माणसाला इतरांच्या मानाने जास्त अडचण होत असेल तर त्यासाठी वाजवी बदल करायचे असं कलम 20 आणि 29 सांगतात, रीझनेबल ॲडजस्टमेंट म्हणतात ते हेच. आणि कोणी येऊन मागेपर्यंत थांबायचं नाही, आपल्याकडे असे लोक येणार हे धरूनच आधीपासून सोय ठेवायची. ज्याला चालायला, बसायला, उठायला, टॉयलेटला जायला दुप्पट वेळ लागतो त्याला धडधाकट माणसाइतकेच 2 तास देणं आणि वर त्या जास्तीच्या वेळाचे 100 पौंड मागणं, हे त्यात बसतं का, हा तुमचा प्रश्न असायला हवा. हमखास जिंकाल असं मी म्हणत नाही, वाजवी म्हणजे किती हे ज्या-त्या केसवर ठरतं, पण कंपनीच्या ठरीव उत्तराला इथे अडायला होतं.

सासूबाई अपंग आहेत का असं घरात कोणी विचारलं तर कायद्याची व्याख्या सांग. शारीरिक किंवा मानसिक त्रास, रोजच्या कामांवर बऱ्यापैकी परिणाम, आणि तो 12 महिने टिकलेला किंवा टिकणारा. पार्किन्सन्स त्यात सरळ बसतो. दारातच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं हे तर त्या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे, फ्रीझिंग म्हणतात त्याला, दाराची चौकट, अरुंद वाट, जमिनीचा रंग बदलला की हमखास होतं, आणि गोळीचा असर उतरला की जास्त. तू प्रश्नात जे एका ओळीत लिहिलंयस ना, "दारातच अडकल्या, पाऊलच उचलेना", तोच तुमच्या केसचा गाभा आहे. बॅज हा फक्त एक पुरावा. उशीर झाला तो आजारामुळे, खरेदी रंगली म्हणून नाही, हे दाखवायचं. किती वाजता अडकल्या, कोणी खुर्ची दिली, गोळी कधी घेतली, टॉयलेट दुकानाच्या कुठल्या टोकाला होतं, हे आठवतंय तोवर आजच्या आज लिहून ठेव.

आता पहिलं पत्र कोणाला? कंपनीला नाही. दुकानाला. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे मला वेड्यात काढतात, पण त्या जागेचा मालक कंपनी नसतेच, मालकाने किंवा दुकानवाल्यांनी तिला नेमलेलं असतं, आणि ज्याने नेमलंय तो एका ईमेलवर नोटीस रद्द करायला लावू शकतो. स्वेटरची पावती असेल तर उत्तम, नसेल तर बँकेच्या ॲपमधली एंट्री चालते. दुकानाच्या मॅनेजरला भेट, शक्य असेल तर शनिवारची गर्दी सोडून मधल्या वारी जा, आणि त्याचबरोबर हेड ऑफिसला ईमेल कर. मॅनेजर बहुतेक म्हणेल "पार्किंगशी आमचा संबंध नाही, त्यांनाच लिहा". तेव्हा नम्रपणे याच कायद्याचं कलम 109 सांगायचं, एजंटने जे केलं त्याची जबाबदारी नेमणाऱ्यावरही येते, म्हणजे पार्किंगवाल्याने भेदभाव केला असेल तर ज्याने त्याला नेमलं तो हात झटकू शकत नाही. आवाज चढवायची गरज नाही, कलम ऐकलं की माणूस आत जाऊन कोणाला तरी फोन करतो. रिटेल पार्कात दहा दुकानं असतात आणि जागा भलत्याच मॅनेजिंग एजंटची असते, तर त्याचं नाव पाटीच्या खाली बारीक अक्षरात किंवा रिटेल पार्कच्या साइटवर सापडतं, त्यालाही तेच पत्र पाठव.

आणि हे पत्र सासूबाईंच्या नावाने जाऊ दे. तुझ्या नाही, नवऱ्याच्या नाही. या कायद्याखालचा हक्क त्यांचा आहे, अन्याय झाला असेल तर त्यांच्यावर झालाय. इंग्रजी तू लिही, पण मजकूर त्यांना वाचून दाखव, मराठीत समजावून सांग, आणि सही त्यांची घे, हात थरथरत असला तरी त्यांचीच. मला पार्किन्सन्स आहे, मी अमुक दिवशी तुमच्या दुकानात ग्राहक म्हणून आले, आजारामुळे मला जास्त वेळ लागला, तुम्ही वाजवी सोय केली नाही, ही मागणी रद्द करून तसं लेखी कळवा, बस्स. "आता मी कुठे येतच नाही" म्हणणाऱ्या बाईंच्या डोक्यात सध्या सगळी चूक त्यांचीच आहे ना, मग तक्रार करणाऱ्या त्या होऊ देत. माझा अंदाज, दोन दिवसांत त्याच विचारतील, आलं का गं उत्तर.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. कुठल्याच पत्रात गाडी कोण चालवत होतं हे लिहायचं नाही. मला कळलं कोण चालवत होतं, कंपनीला कळायची काही गरज नाही. खाजगी चार्जमधे ड्रायव्हरचं नाव सांगायचं कायद्याने बंधन नाही. सासूबाईंच्या पत्रात "मला घरच्यांनी आणलं" एवढंच, नवऱ्याच्या अपिलात "मी रजिस्टर्ड कीपर म्हणून लिहितोय" (कीपर म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तो) आणि पुढे सगळीकडे "ड्रायव्हर", "गाडीतल्या प्रवासी". खोटं बोलायचं नाही, "मी चालवत नव्हतो, भाऊ चालवत होता" असली नाटकं अजिबात नकोत, फक्त सांगायचं नाही. (पोलिसांकडून वेगाची वगैरे नोटीस आली तर तिथे हे चालत नाही हां, तिथे नाव द्यावंच लागतं, गल्लत करू नकोस.)

याचा फायदा असा की गाडीमालकाला धरायचं तर कंपनीला कायद्यातल्या सगळ्या अटी पाळाव्या लागतात. गाडीवर काही चिकटवलं नसेल आणि सगळं कॅमेऱ्यावरच असेल तर नोटीस पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून 14 दिवसांच्या आत मालकाकडे पोचायला हवी. तुमच्या केसमधे 3 तारखेचं पार्किंग, म्हणजे 17 पर्यंत. पत्रावर 14 तारीख आहे, त्या दिवशी पोस्टात पडलं असेल तर दोन कामाचे दिवस धरून 16 ला पोचलं असं मानतात. म्हणजे त्यांनी गाठलंय गं, थोडक्यात गाठलंय. उशीर झाला असता तर एका ओळीत काम झालं असतं, तो मुद्दा तुमच्या उपयोगाचा नाही. वाचणाऱ्या बाकीच्यांनी मात्र आपापल्या पत्रावरच्या तारखा मोजून बघा.

मिनिटांचा हिशोब पण करू या. सध्या कंपन्यांच्या दोन्ही संघटनांचा मिळून एक कोड, म्हणजे नियमावली आहे, ऑक्टोबर 2024 पासून लागू, त्यात 100 पौंडांची कमाल मर्यादा आहे आणि वेळ संपल्यावर निदान 10 मिनिटांची सवलत द्यावी लागते. कॅमेऱ्याची 2 तास 41 मिनिटं म्हणजे फाटकापासून फाटकापर्यंत, गाडी उभी होती तेवढा वेळ नव्हे. जागा शोधणं, बेच्या बाजूच्या त्या तिरक्या पट्ट्यांच्या मोकळ्या जागेत वॉकर उघडणं, आईंना उतरवणं, परत बसवणं, सीटबेल्ट, वॉकर डिकीत, बाहेर पडायची लाइन. हे सगळं लिही. पण एवढ्याने 41 मिनिटं पुसली जाणार नाहीत, ती इक्वॅलिटी ॲक्टनेच पुसायची. सरकारी कोडची वाट बघण्यात अर्थ नाही. 2019 ला पार्लमेंटने कायदा केला, फेब्रुवारी 2022 मधे सरकारने कोड काढला, लंडन सोडून इंग्लंडभर बहुतेक चार्ज 50 पौंडांवर आणणारा, कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमधे सरकारने तो मागे घेतला. 2025 च्या जुलैत परत लोकांची मतं मागवली. चालूच आहे त्यांचं.

दुकानाच्या उत्तरासाठी थांबताना कंपनीची मुदत जाऊ देऊ नकोस. पत्राच्या तारखेपासून 28 दिवस असतात अपिलाला, पण पहिल्या 14 दिवसांतच टाक, कारण तेवढ्यात अपील केलं आणि नामंजूर झालं तरी 60 चा भाव परत द्यावा लागतो, म्हणजे विचारण्याचे पैसे पडत नाहीत. हे नवऱ्याला सांग, त्याच्या "भरून टाक" ला हेच उत्तर आहे. आणि भरलं की संपलं, मग अपील नाही. कंपनीच्या साइटवर फॉर्म भरताना प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घे, फॉर्ममधे "तुम्ही ड्रायव्हर होतात का" असं साळसूदपणे विचारतात, तिथे कीपर निवड. सोबत बॅजच्या पुढच्या बाजूचा फोटो, औषधांच्या रिपीट प्रिस्क्रिप्शनची प्रत, खरेदीची एंट्री. सगळी मेडिकल फाइल ओतायची नाही, आजार आहे एवढं कळलं की पुरे.

नामंजूर झालं तर पुढे कुठे हे कंपनी कोणत्या संघटनेत आहे त्यावर. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची असेल तर पॉपला ही अपील ऐकणारी संस्था. नकाराच्या पत्रात तिथे अपील करायचा कोड नंबर देतात, 28 दिवसांची मुदत, फी नाही, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. दुसरी संघटना इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी, तिचं अपील आयएएसकडे, म्हणजे इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिसकडे. मला विचारशील तर आयएएसकडून मी फार आशा ठेवत नाही. पॉपलाचं एक समजून घे, तिथे "बिचाऱ्या आजारी होत्या" याला मार्क नाहीत, नोटीस नियमाने दिली का एवढंच बघतात. म्हणून तिथे आजाराबरोबर बाकीचे मुद्दे पण मांडायचे, पाटी डिसेबल्ड बेजवळ होती का, बसल्या जागेवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात होती का, जागेच्या मालकाने कंपनीला हे अधिकार दिलेत त्याचा करार दाखवा. पाट्यांचे फोटो संध्याकाळी पण काढ, दिवसा दिसणारी पाटी अंधारात कितीदा दिसत नाही. पॉपलात हरलात तर मात्र 60 चा भाव गेला, 100 राहतात, हे धरून चल.

त्यानंतर जो प्रकार सुरू होतो त्याला बायका-माणसं खरी घाबरतात. वसुलीवाल्यांची पत्रं. 70 पौंड वाढवून 170, लाल अक्षरं, "अंतिम सूचना", मग त्यानंतर अजून एक अंतिम सूचना. हे लोक बेलिफ, म्हणजे कोर्टाचे जप्तीवाले नाहीत, दारात येऊन सामान उचलायचा अधिकार त्यांना नाही, फोन करून त्यांच्याशी बोलायची पण गरज नाही, पत्रं फाइलला लावून ठेव. पण दोन कागद आले की जागं व्हायचं. एक "लेटर ऑफ क्लेम", म्हणजे कोर्टात जायच्या आधीचं पत्र, त्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. आणि दुसरा काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म, तो नॉर्थहॅम्प्टनहून येतो आणि तो खरा असतो. त्यावरच्या तारखेपासून 19 दिवसांच्या आत पोच नोंदवायची, मग बचाव मांडायला एकूण 33 दिवस मिळतात. स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमेचा दावा असतो तो, वकील लागत नाही, हरलात तरी सहसा हजारो पौंडांचा खर्च अंगावर येत नाही. सगळं नुकसान होतं ते क्लेम फॉर्म न उघडणाऱ्यांचं. मग एकतर्फी निकाल लागतो, सीसीजे (काउंटी कोर्टाचा पैसे भरायचा हुकूम) होतो, महिन्याच्या आत भरला नाही तर 6 वर्षं क्रेडिट फाइलवर बसतो, आणि नंतर मॉर्गेज घेताना कळतं की बाबा हे काय. घर बदललं असेल तर गाडीच्या लॉगबुकवरचा पत्ता आधी बदला रे सगळ्यांनी, जुन्या पत्त्यावर गेलेली पत्रं कोणी आणून देत नाही.

आणि सासूबाईंना स्वतः दावा करायचा असेल, भेदभावाचा, तर त्याची मुदत घटनेपासून 6 महिन्यांना एक दिवस कमी एवढी आहे. इक्वॅलिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिसची फुकट हेल्पलाइन आहे, सिटिझन्स ॲडव्हाइस आहे, त्यांच्याशी बोला. निदान दुकानाला लिहिताना ही मुदत आपल्याला माहितीये हे एका वाक्यात कळू द्यावं. (उत्तर आयर्लंडमधल्यांसाठी कायदा वेगळा आहे, तिथे 1995 चा डिसॅबिलिटी डिस्क्रिमिनेशन ॲक्ट चालतो. स्कॉटलंडमधे इक्वॅलिटी ॲक्ट आहे, पण मालकाला धरायचं मी वर जे सांगितलं ते इंग्लंड-वेल्सचं.)

उन्हाळ्यात ज्यांचे आईवडील भारतातून सहा महिन्यांसाठी येतात त्यांच्यासाठी पण हे लिहून टाकते कारण दरवर्षी विचारणा होते. भारतातलं यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र इथे ब्लू बॅज म्हणून चालत नाही, ते काचेला लावून पिवळ्या रेषेवर थांबलात तर कौन्सिलचं तिकीट बसणारच. पण इक्वॅलिटी ॲक्ट व्हिसा बघत नाही. तो बॅजही बघत नाही. त्यामुळे दुकानाच्या खाजगी पार्किंगमधे गुडघ्यांनी जेरीला आलेल्या आईला रुंद बेमधे उतरवलं आणि नोटीस आली तर तुमच्याकडेही हाच मुद्दा आहे, फक्त पुरावा म्हणून तिकडच्या डॉक्टरांचं इंग्रजी पत्र बॅगेत असलेलं बरं. हॉस्पिटलचं वेगळं, इंग्लंडमधे एनएचएसच्या हॉस्पिटलात ब्लू बॅजवाल्यांना पार्किंग फुकट असायला हवं, पण कित्येक ठिकाणी रिसेप्शनवर किंवा मशीनवर गाडीचा नंबर नोंदवावा लागतो, न नोंदवता निघालात तर कॅमेरा आहेच. सुपरमार्केटमधे पण काही ठिकाणी कस्टमर सर्व्हिसच्या खिडकीवर बॅज दाखवून जादा वेळ घेता येतो, आत शिरल्यावर पहिलं तेवढं विचारायची सवय लाव.

राहिला तुझा लाजत विचारलेला प्रश्न. नाही चालत. अजिबात. बॅज माणसाचा असतो, गाडीचा नाही, घराचा तर नाहीच. सासूबाई गाडीत असतील, किंवा त्यांना सोडायला-आणायला गेली असशील तरच लावायचा. त्या घरी आणि तू दूध आणायला, हा गैरवापर झाला, 1000 पौंडांपर्यंत दंड होतो, आणि हा मात्र खराखुरा दंड, कोर्टातला, गुन्हा म्हणून. वरच्या खाजगी पत्राला घाबरून आयएलआरची काळजी करणाऱ्या नवऱ्याला हे सांग, काळजी करायची तर इथे करा म्हणावं. 2013 पासून कौन्सिलचा माणूस जागेवर बॅज जप्त पण करू शकतो, मग सासूबाईंनाच बॅजशिवाय बसावं लागेल. त्या गाडीत बसल्यात आणि तू एकटीच दुकानात पळतेयस, हेही बेकायदेशीर नसलं तरी करू नये असंच बॅजबरोबरच्या पुस्तिकेत सुचवलंय. एक लिटर दुधासाठी लांब लाव गाडी आणि चाल.

आणि जाता जाता बॅज काढून तारीख बघ, तीन वर्षं झाली की संपतो आणि नवा यायला आठवडे जातात. लावताना व्हीलचेअरचं चित्र वर, फोटोची बाजू खाली, अनेक जण उलटा लावतात. आज कुठली तारीख आहे बघ, 28 तारखेच्या आत नवऱ्याचं अपील गेलं पाहिजे, दुकानाचं पत्र त्याच्याही आधी. नकार आला तर त्यातली कारणं जशीच्या तशी मला पाठव, नाव-पत्ता खोडून, पुढचं अपील कसं लिहायचं ते बघू.